संस्थापक सरांकडे हिशेब मागायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावात ४० वर्षांपूर्वी सुरू झालेली संस्था, ४८ मुलींचं वसतिगृह आणि एक सार्वजनिक वाचनालय. संस्थापक सर आता ८१ वर्षांचे आणि पहिल्या दिवसापासून तेच अध्यक्ष. प्रश्न विचारणारे ३४ वर्षांचे, गेल्या वर्षी सचिव झाले. गावचे एक गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारे, तमिळनाडूत असतात. नव्या इमारतीसाठी ४० लाख द्यायची त्यांची तयारी आहे, पण त्यांनी तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि विश्वस्तांची अधिकृत यादी मागितली आहे. ऑडिट दोन वर्षं झालेलं नाही. कपाटात सरांनी सही केलेले सात कोरे चेक आहेत. १८ लाखांची ठेव एका पतसंस्थेत आहे. सचिव विचारतात, "सर मला वडिलांच्या जागी आहेत. हिशेब मागितला तर त्यांना वाटेल, पोराने संशय घेतला. कुठून सुरुवात करू?"

मी २७ वर्षं सांगली-सातारा भागातल्या संस्थांचे हिशेब तपासते. हा प्रश्न थोड्याफार फरकाने दर वर्षी माझ्यासमोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सरांना पहिला प्रश्न विचाराल तो असा विचारा: "सर, संस्थेकडून तुमचं येणं किती आहे?" सरांकडे काय निघतं हे पहिल्या बैठकीत काढूच नका. संस्था त्यांचं काय देणं लागते ते विचारा. हे सुचवण्यामागे एक जुना अनुभव आहे.

व्यवसाय सुरू करून तीनेक वर्षं झाली असतील. एका वसतिगृहाच्या ऑडिटला गेले होते. संस्थापक नुकतेच वारले होते. त्यांच्या पत्नीने माझ्यापुढे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा ठेवला. आत चिठ्ठ्या होत्या: किराणा दुकानदाराच्या, सरपणवाल्याच्या, काही सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर लिहिलेल्या. "गहू २ क्विंटल, पेन्शनमधून." "लाइट बिल, माझे." माणसाने आपली पेन्शन वर्षानुवर्षं संस्थेत घातली होती. पण किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, त्यातली एक ओळ नव्हती, पावती नव्हती, ठराव नव्हता. उलट संस्थेच्या खात्यातून त्यांनी स्वतःच्या नावे काढलेल्या रकमा मात्र बँकेच्या पासबुकात स्वच्छ छापलेल्या होत्या. कागदावर पाहणाऱ्याला दिसत होतं ते एवढंच, की अध्यक्षांनी संस्थेचे पैसे उचलले. गावात कुजबुज सुरू झाली. त्या बाईंनी मला विचारलं, "हे खोटे होते का हो?" नव्हते, हे मला ठाऊक होतं. पण ते सिद्ध करता येईल असा एकही कागद मी त्यांना दाखवू शकले नाही.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. हिशेबाची सर्वांत जास्त गरज प्रामाणिक माणसाला असते. तुमच्या सरांनीही खिशातून घातले असणार. ४० वर्षं वसतिगृह चालवणाऱ्याने घातले नसतील असं होत नाही. ते आज, ते हयात असताना, त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्या. कर्ज म्हणून दिले की देणगी म्हणून, हे त्यांनीच ठरवायचं. देणगी असेल तर आजच्या तारखेने विश्वस्त मंडळाच्या सभेत तशी नोंद करा: सरांच्या सांगण्यानुसार अंदाजे इतकी रक्कम त्यांनी वेळोवेळी घातली, ती परत मागायची नाही असं त्यांनी सांगितलं. जुन्या तारखेच्या पावत्या फाडू नका. हा मोह फार मोठा असतो, चांगल्या हेतूनेच होतो आणि संस्थेला खड्ड्यात घालतो. नसलेलं व्हाउचर नसतंच. ऑडिटरला ते नाही असं सांगा, तो शेरा मारेल, शेरा मान्य करा. शेऱ्याने संस्था बंद पडत नाही. मागच्या तारखेचं एक बनावट व्हाउचर सापडलं की मात्र खऱ्या व्हाउचरांवरचाही विश्वास उडतो.

आता कोरे चेक. हे काम या आठवड्यात करा, सभेची वाट पाहू नका. सातही चेकवर सरांसमोर आडवी काट मारा, "रद्द" लिहा आणि चेकबुकात उरलेल्या अर्धुकांना स्टेपल करून ठेवा. फाडून टाकू नका, नंबर जुळायला हवेत. सरांना प्रवास झेपत नाही म्हणून ते आधीच सह्या करून ठेवतात हे मी समजू शकते. त्यावर उपाय म्हणजे तिघांची नावं बँकेत देऊन कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार. तीनपैकी एक सर, एक खजिनदार, एक तुम्ही. एकाच घरातले दोघे नकोत. नेटबँकिंग असेल तर एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय बँका संस्थांना देतात. एक गोष्ट मुद्दाम तपासा: सरांच्या नंबरवर येणारा ओटीपी प्रत्यक्षात कोण वाचतो? बऱ्याच ठिकाणी अध्यक्षांच्या नावाचं सिमकार्ड क्लार्कच्या मोबाइलमध्ये असतं. तसं असेल तर दोन सह्यांची सगळी व्यवस्था एका माणसाच्या खिशात जाते.

विश्वस्तांच्या यादीचं काम तुम्हाला किरकोळ वाटत असेल, मला सर्वांत वेळखाऊ वाटतं. तुम्ही लिहिता की सातपैकी दोन विश्वस्त वारले, एक पुण्याला गेले आणि त्यांच्या जागी "सर्वानुमते" नवे घेतले. गावाने घेतले, पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या नोंदीत घेतले का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आपल्याकडे सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तो दिलेला नसेल तर शेड्यूल एकच्या उताऱ्यावर, म्हणजे त्या कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, आजही मयत माणसं विश्वस्त आहेत. देणगीदाराने यादी मागितली ती याचसाठी. तुम्ही सचिव आहात हेसुद्धा त्या उताऱ्यावर नसणार.

उशीर माफ करण्याच्या अर्जासह बदल अर्ज देता येतो. सोबत मृत्यूचे दाखले, राजीनामा, नव्यांची संमतिपत्रं, सभेची नोटीस, ती सर्वांना पोचल्याचा पुरावा आणि इतिवृत्ताची प्रत लागते. अर्ज बहुतेक वेळा इथेच लंगडा पडतो, कारण सभा झालेली असते पण नोटीस निघालेली नसते. आधी संस्थेची घटना काढून वाचा. गणपूर्ती किती, नोटीस किती दिवसांची, मुदत किती वर्षांची, हे त्यात लिहिलेलं असतं. मध्ये दोन-तीन निवडी झाल्या असतील तर प्रत्येकीचा वेगळा अर्ज क्रमाने द्या. मधला एक राहिला की पुढचे अडकतात.

ऑडिट का महत्त्वाचं, तेही सांगते. ३१ मार्चला हिशेब बंद होतो आणि सहा महिन्यांत ऑडिट व्हायला हवं. पण आमचं काम बेरजा तपासून संपत नाही. कायद्याच्या नियमांनी आम्हाला प्रश्नांची एक यादीच दिली आहे आणि प्रत्येकाचं उत्तर लेखी द्यावं लागतं. तपासणीच्या दिवशी हातशिल्लक किर्दीशी जुळली का? सभा घटनेप्रमाणे होतात का, इतिवृत्त ठेवलंय का? एखादा विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? गुंतवणुकीत कुणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे का? ५००० रुपयांच्या वरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या होत्या का? मागच्या वर्षीच्या त्रुटी दूर केल्या का? ही यादी टाइप करून तुमच्या सभेच्या खोलीत लावा. हिशेब मागणारा तुम्ही नाही, कायदा आहे, हे सरांना शांतपणे दाखवायला याहून सोपा कागद नाही.

त्या यादीतले दोन प्रश्न तुमच्या संस्थेला थेट लागू होतात.

एक, पतसंस्थेतली ठेव. व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं म्हणून ती तिथे गेली आणि तुमचे एक विश्वस्त त्या पतसंस्थेचे संचालक आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण कलम ३५ प्रमाणे विश्वस्त संस्थेचा पैसा शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारमान्य सहकारी बँक, सरकारी रोखे अशा ठरावीक ठिकाणीच ठेवता येतो. आयुक्तांची परवानगी नसेल तर पतसंस्था त्यात बसत नाही. दुसरं असं की बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्या जिल्ह्यात ठेवी अडकलेली माणसं मी वेगळी दाखवायला नको, ती आपापल्या भावकीत आहेत. गाजावाजा न करता ठराव करा की मुदत संपेल तशी एकेक पावती राष्ट्रीयीकृत बँकेत आणायची. संचालक असलेल्या विश्वस्तांनी त्या विषयाच्या वेळी सभेबाहेर बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं. स्वतःहून बाहेर बसणाऱ्या माणसाबद्दल गाव चांगलंच बोलतं.

दोन, बांधकाम. "ठेकेदार उपाध्यक्षांचे भाचे आहेत, माणूस चांगला आहे," असं तुम्ही लिहिलंय. असू दे. तीन सीलबंद दरपत्रकं मागवा, भाच्यालाही भरू द्या. पाकिटं सर्वांसमोर उघडा, तुलनेचा तक्ता करा, उपाध्यक्ष त्या सभेत नकोत. सर्वांत कमी दर त्यांचाच निघाला तर काम खुशाल द्या. फक्त बिल पास करताना इंजिनिअर बाहेरचा हवा.

पैशाच्या नियोजनाकडे जरा जास्त वेळ देते, कारण चांगल्या चालणाऱ्या संस्थाही इथेच घसरतात आणि त्यात चोरी नावालाही नसते. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून महिन्याचा खर्च असा दिसतो: किराणा, भाजी, दूध, गॅस मिळून १ लाख, सहा जणांचे पगार ७५ हजार, वीज-पाणी-दुरुस्ती आणि वाचनालय ३५ हजार. एकूण २ लाख १० हजार. यातले साधारण १ लाख २० हजार सरकारी अनुदानातून येतात, पण ते वर्षात दोनदा आणि तेही उशिराने. आता सहा महिने अनुदान थकलं तर भोक पडतं ७ लाख २० हजारांचं. त्याच वेळी बँकेत इमारतीचे ४० लाख दिसत असतात. मुलींना उपाशी ठेवता येत नाही. मग सर म्हणणार, "तात्पुरते त्यातून घ्या, अनुदान आलं की भरू." अनुदान येतं तेव्हा ते किराणावाल्याच्या उधारीत जातं आणि इमारत प्लिंथवर, म्हणजे जोत्यावरच, थांबते. सात वर्षं प्लिंथवर उभी असलेली इमारत मी पाहिली आहे. गवत वाढलेलं, सळया गंजलेल्या. देणगीदार गावी आले की रस्ता बदलून जायचे.

म्हणून देणगी येण्याआधी हे करा. १८ लाखांच्या ठेवीतले ८ लाख ठरावाने "वसतिगृह राखीव निधी" म्हणून बाजूला काढा. अनुदान थकलं तर उचल फक्त त्यातून करायची आणि अनुदान आल्याबरोबर पहिला हप्ता त्यात परत भरायचा. इमारतीच्या देणगीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडा. देणगीदाराकडून एका पानाचं पत्र घ्या की ही रक्कम मुलींच्या वसतिगृहाच्या इमारतीसाठीच आहे. ताळेबंदात ती इमारत निधी म्हणून वेगळी दिसली पाहिजे. आणि एक तक्ता करा, बारा महिन्यांचे बारा रकाने, वर येणारे पैसे, खाली जाणारे, तळाशी शिल्लक. अनुदान कागदावर मंजूर आहे त्या महिन्यात लिहू नका, गेल्या तीन वर्षांत ते प्रत्यक्ष जमा झालं त्या महिन्यात लिहा. कोणत्या महिन्यात शिल्लक उणे होते ते जूनमध्येच कळलं तर नोव्हेंबरमध्ये कुणापुढे हात पसरावे लागत नाहीत.

अनुदानाचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही माहिती अधिकाराखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमचं अनुदान पाहता उद्या कुणी अर्ज केला तर "आम्ही खासगी संस्था" हे उत्तर टिकेलच असं धरून चालू नका. कागद तयार असलेले बरे.

करसवलतीबद्दल थोडक्यात. देणगीदाराला सवलत मिळवून देणारी, ८० जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी आता कायमची नसते, मुदतीची असते. तुमची कधी संपते किंवा संपली ते आजच पोर्टलवर पाहा. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. देणगीदारांचं विवरणपत्र ऑनलाइन भरावं लागतं, ते राहिलं तर तोटा देणगीदाराचा होतो आणि तो पुढच्या वर्षी तुम्हाला आठवणीने टाळतो. दोन वर्षांच्या थकलेल्या ऑडिटमुळे करमाफीचा काय प्रश्न उभा राहतो, ते तुमच्या ऑडिटरसोबत बसून पाहा. उशीर माफीचे अर्ज होतात.

आता सरांकडे परत येऊ. "गाव काय म्हणेल" अशी तुम्हाला भीती आहे. तुमच्याच गावात जत्रा संपली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात हिशेब वाचतात ना? पट्टी किती जमली, मंडप किती, कुस्त्यांचं इनाम किती, तमाशाची सुपारी किती, शिल्लक किती. मागे बसलेला एखादा पोरगा विचारतो, "मंडपाला गेल्या साली कमी होते, औंदा जास्त कसे?" पंच उत्तर देतात. कुणाचा अपमान होत नाही, उत्तर पटलं की पुढची ओळ वाचली जाते. सरांना हीच रीत आठवून द्या. आणि विनंती करा की वार्षिक सभेत हिशेब तुम्ही किंवा क्लार्कने नाही, त्यांनी स्वतः उभं राहून वाचावा. ज्येष्ठाने आपणहून हिशेब दिला की पुढच्या अध्यक्षाला तो टाळता येत नाही. सरांनी संस्थेला आणखी काही द्यायचं राहिलं असेल तर ते हेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

सर कर्मवीर भाऊराव पाटलांना मानतात असं तुम्ही लिहिलंय. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट आपल्या भागात सगळ्यांना पाठ आहे. त्यागाची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो आणि सांगावीच. पण १९१९ मध्ये काल्यात सुरू झालेली त्यांची रयत शिक्षण संस्था ९ मे १९५९ ला भाऊराव गेल्यावरही चालू राहिली, वाढली, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. घरोघरच्या मूठमूठ धान्यावर, मुष्टिफंडावर वाढलेली संस्था एका माणसाच्या खिशातून चालत नाही, ती नोंदवह्यांवर आणि जनरल बॉडीवर चालते. सरांशी बोलताना ही बाजू काढा. त्यांना ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात मदतीचं सामान येत होतं. तिथे एक निवृत्त शिक्षिका दारातच टेबल टाकून बसल्या होत्या. ट्रक आला की गाडी नंबर, कुठून आला, ब्लँकेट किती, पाण्याचे बॉक्स किती, सगळं आवक वहीत. बाहेर जाताना गाव, घेणाऱ्याची सही, जावक वहीत. चिखलाने माखलेली पोरं वैतागायची, "बाई, लोकं पाण्यात आहेत आणि तुम्ही लिहित बसलाय." त्या मान वर न करता म्हणायच्या, "सही कर आणि पळ." महिनाभराने वाटपाबद्दल जागोजागी तक्रारी झाल्या. त्या कार्यालयाकडे बोट दाखवायला कुणी गेलं, तर त्या दोन वह्या पुढे ठेवल्या जायच्या आणि विषय पाच मिनिटांत संपायचा. एका ट्रकला त्यांचा वेळ जात होता तो चारेक मिनिटांचा.

जुने हिशेब उघडल्यावर खरोखरच अफरातफर दिसली तर? सरांची नाही, पण एखाद्या क्लार्कची असू शकते. तेव्हा एकटे निर्णय घेऊ नका आणि एकटे गप्पही बसू नका. रक्कम, तारीख, कागद लिहून मंडळाच्या सभेत ठेवा, इतिवृत्तात घ्या, ऑडिटरला लेखी कळवा. "भरून घेऊ आणि मिटवू" हा ठराव कुणी मांडला तर तुमचा विरोध नावासकट नोंदवा. विश्वस्तांची जबाबदारी सामूहिक असते आणि हिशेब देण्यात वारंवार कसूर झाली तर कलम ४१ डी खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूरही करता येतं. माहीत असून गप्प राहिलेला विश्वस्त चौकशीत सर्वांत वाईट अडकतो.

देणगीदारांना काय कळवायचं, हा शेवटचा प्रश्न. खरं ते कळवा. दोन वर्षांचं ऑडिट राहिलंय, बदल अर्ज द्यायचे आहेत, त्याला अमुक महिने लागतील, तोवर रक्कम पाठवू नका. ४० लाख हातचे जातील असं तुम्हाला वाटत असेल. पण हे लोक गलाईतले आहेत. त्यांच्या धंद्यात दुकान झाडलेली धूळसुद्धा जपून ठेवतात आणि ती गाळून सोनं काढतात. वजनात किती घट आली हे सांगणारा माणूस त्यांना चालतो, लपवणारा चालत नाही. ते जत्रेला गावी येतील तेव्हा त्यांना बारा रकान्यांचा तक्ता, राखीव निधीचा ठराव आणि रद्द केलेल्या चेकची अर्धुकं दाखवा. सरांना शेजारी बसवा, बोलू द्या.

दोन वर्षांच्या किर्दी जुळत नसतील तर घेऊन सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे या, दुपारी तीननंतर मी असते. सरांच्या घरात एखादा चिठ्ठ्यांचा डबा असेल, तर तो तसाच, काही न निवडता घेऊन या.